सुईआधीची दोन मिनिटं

जिभेवर साखरेच्या पाण्याचे दोन थेंब.
आता घड्याळाकडे बघायचं. पूर्ण दोन मिनिटं.
या दोन मिनिटांत डॉक्टर घाई करत नाहीत,
म्हणजे करतात, मी ऐकत नाही.

पेटीवर चिकटपट्टी: रंजना भोयेचं बाळ.
सत्तावीस आठवडे. वजन नऊशे चाळीस,
किलोच्या साखरपुड्यातून कुणी मूठभर काढून नेली
की उरेल तेवढं.
टाचेवर कालचे, परवाचे टोचल्याचे ठिपके.
सतरा.
मोजायला कुणी सांगितलेलं नाही.

मी शिकत होते तेव्हा कोतवालबाई म्हणायच्या,
"एवढ्याशा जिवाला काय कळतंय गं. विसरतात."
त्या वाईट नव्हत्या.
सटाण्याच्या एसटीत पोर जन्मलं तेव्हा
स्वतःच्या अंगावरची शाल त्याला गुंडाळून
थंडीत कुडकुडत आल्या होत्या घरी.
त्यांना तसंच शिकवलं होतं, एवढंच.

आता तक्ता आहे.
कपाळाची आठी. डोळे किती घट्ट.
नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी.
ठोके किती चढले, ऑक्सिजन किती उतरला.
आणि बाळ फार लवकर आलेलं असलं
तर तीन गुण आधीच,
कारण तोंड वाकडं करायलाही ताकद लागते.

भोयेंचं बाळ रडत नाही.
कालच्या सुईला त्यानं बोटं फाकवली,
पाचीच्या पाची, डाव्या हाताची,
आणि मग काहीच नाही.
तक्ता म्हणाला, सहा. सहापर्यंत ठीक असतं.
काचेपलीकडून आई म्हणाली,
"नाय बाई. दुखतंय त्याला."

सुरगाण्याची ती. दरवर्षी मोहाडीला
द्राक्षाच्या विरळणीला येते.
घडातला कुठला मणी काढायचा
हे डोळ्यांआधी तिच्या अंगठ्याला कळतं.
कशावरून म्हणतेस, मी विचारलं.
तिनं स्वतःचा पंजा वर धरला, फाकवला,
तसाच ताणून ठेवला
इतका वेळ
की माझीच मूठ आवळली.

बाहेर जानेवारी. निफाडला पारा सहावर, म्हणे.
तिचे हात गार होते,
कोपरापर्यंत धुवायला लावले, मग काखेत धरायला.
आता ते पेटीच्या गोल खिडक्यांतून आत आहेत.
एक डोक्यावर. एक तळपायांखाली.
गुडघे पोटाशी.
थोपटू नकोस, सांगितलं होतं. ती थोपटत नाही.
ओठ मात्र हलताहेत तिचे,
काय म्हणते ते मॉनिटरच्या आवाजात कळत नाही.

एक मिनिट चाळीस.
साखरेनं दुखणं उतरतं
की नुसता चेहरा निवतो,
यावर मोठी माणसं अजून भांडताहेत.
भांडोत.
मी थेंब मोजून देते
आणि तिच्या दुधाची वाट बघते.
आज बाटलीच्या तळाला ओलसर पिवळं आलं होतं,
तेवढं सकाळीच त्याच्या ओठांना लावून झालं.

दोन मिनिटं.
टाच गरम आहे. कडेला टोचते, मधे नाही.
ठोके एकशे बावन्न,
एकशे सत्तर,
एकशे चौऱ्याहत्तर.
बोटं फाकतात. तीन.
चौथं निघता निघता
आईच्या करंगळीचं टोक त्याला सापडतं
आणि सगळी त्यावर मिटतात.
एकशे साठ.

रक्त चार थेंब. कापूस.
तक्त्यात भरते: पाच.
समासात जागा नसते, कागद आडवा करून लिहिते:
डाव्या हाताची बोटं बघा. आईला विचारा.
गांगुर्डे, रात्रपाळी.

दुसऱ्या रात्री आले तर खाली
कुणाच्या तरी हिरव्या शाईत:
उजव्या हाताची नाही?
आणि त्याखाली पेन्सिलीनं, घाईत,
उजवीही. सुई उजव्या टाचेत असेल तर.